छंदांतून निघालेली आगबोट

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून मुंबईची गोदी म्हणजे वाडिया घराण्याची वतनवाडीच झाली. सागवानी शिडाच्या जहाजांवर या घराण्यानें कीर्ति मिळविली. परंतु १८२९ सालीं याच गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पुढच्याच वर्षीं सुएझला जाऊन पोंचली, आणि वाऱ्याची वाट पाहणाऱ्या विद्येचे दिवस भरत आल्याचें दिसूं लागलें.

हें ज्यांनीं ओळखलें त्यांपैकीं घराण्यांतील तरुण अर्देशीर कर्सेटजी हे एक होत. जहाज बांधणाऱ्यास लांकडाची पारख असली कीं भागे. आगबोटीस मात्र विस्तव, पाणी व वाफेचा दाब यांचा मेळ जमवावा लागतो. तो शिकण्यासाठीं त्यांनीं एका अश्वशक्तीचें यंत्र स्वतः तयार केलें व त्यानें विहिरीचें पाणी ओढून कारंजें उडविलें. १८३३ सालीं, वयाच्या पंचविशींत, त्यांनीं ‘इंडस’ नांवाचें अवघें ६० टनांचें जहाज बांधून त्यावर वाफेचें यंत्र बसविलें.

१८४१ सालीं ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. त्याच वर्षीं मुंबईंतील कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. युरोपियन कारागिरांवर एका एतद्देशीयाचा अंमल, ही गोष्ट पुष्कळ गोऱ्यांस रुचली नाहीं. पण त्या अधिकाराचा पाया कोणाच्या मेहेरबानीवर नव्हता. तो विहिरीकांठच्या त्या लहानशा यंत्रावर उभा होता. छंदास रिकामपणाचा उद्योग म्हणणाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.