पेशीचें अस्तर

अंगरख्याचें बाहेरचें कापड एक व आंतील अस्तर दुसरें, हें आपल्या नित्य परिचयाचें आहे. सजीव पेशीभोंवतीचें पटलही असेंच असतें. तें पुरतें कळावयास मात्र जवळजवळ अर्धशतक लागलें.

सन १९२५ मध्यें हॉलंडांतील लायडेन येथें गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचें स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरलें. त्याच्या एकेरी थरानें पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट जागा व्यापली. त्या अर्थीं पटल दुपदरी असावें, असें अनुमान त्यांनीं काढलें. मोजणींत दोन चुका होत्या. पण त्यांनीं एकमेकींची भरपाई केली आणि अनुमान टिकलें.

पुढें १९७१ सालीं कॉर्नबर्ग व मॅक्कॉनेल यांनीं कृत्रिम पटलावर दाखविलें कीं, स्निग्ध रेणूला आपण होऊन एका पदरांतून दुसऱ्यांत जावयास तासचे तास लागतात. १९७२ सालीं ब्रेचर यांनीं तांबड्या पेशीच्या दोन पदरांचे घटक भिन्न असल्याचें प्रतिपादिलें. फॉस्फटिडिलसेरीन नांवाचें द्रव्य जवळजवळ सर्व आंतल्या पदरांतच असतें. परंतु तांबडी पेशी सुमारें चार महिने जगते. रेणु कितीही मंद असले तरी एवढ्या अवधींत हा भेद मिटून कां जात नाहीं?

उत्तर १९८४ सालीं फ्रान्समध्यें मिळालें. सेन्येरे व दव्हो यांना असें आढळलें कीं, पेशी एटीपी हें आपलें इंधन खर्चून बाहेर आलेला रेणु पुनः आंत ओढते. हें काम करणाऱ्या प्रथिनांस फ्लिपेज म्हणतात. भेद आपोआप टिकत नाहीं. तो अहोरात्र श्रमानें टिकवावा लागतो.

मग एवढा खटाटोप कशासाठीं? जखम झाली कीं रक्तांतील बिंबिका तें झांकलेलें द्रव्य बाहेर काढतात, व त्यावर रक्त गोठविणारीं प्रथिनें जमतात. दोन्ही पदर सरमिसळ करणारें यांतील एक प्रथिन जपानांतील क्योतो येथें नागाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं ओळखलें. रक्तस्रावाचा एक दुर्मिळ विकार असलेल्या रुग्णांत त्याच प्रथिनाच्या जनुकांत दोष आढळला.

हेंच द्रव्य मरणोन्मुख पेशीही बाहेर दाखविते, आणि भक्षक पेशी तिला गिळून टाकतात, हें १९९२ सालीं दिसून आलें होतें. त्याची यंत्रणा २०१३ व २०१४ सालीं उलगडली: मरणकाळीं जागृत होणारीं कातरीसारखीं विकरें आंत ओढणारें प्रथिन कापून निकामी करतात, आणि सरमिसळ करणारें दुसरें प्रथिन कापूनच कामास लावतात.

अस्तर आंत राखण्याचे हे श्रम चालू आहेत, तोंवर शरीर त्या पेशीला जिवंत समजतें. ते थांबून अस्तर बाहेर दिसूं लागलें, कीं तिच्या अंत्यसंस्काराची तयारी सुरू होते.