गाळावरची चाकं

यातली जीप, तिच्यातले चौघे आणि तो दिवस मी रचलेला आहे. येडगावचं धरण, त्यात येणारं पाणी आणि दोर लावण्याची ती पद्धत खरी आहे.

सकाळी 7.30, पुणे. टायरांत हवा भरली, 35 पीएसआय. डांबरी रस्त्याला ठीक. दुसरी जीप येणार होती, तिच्या मालकाकडे ऐनवेळी बारसं निघालं. एकटी गाडी रानात घालायची नाही, हे ऑफ-रोडिंगच्या नादाचं पहिलं पथ्य चौघांनाही पाठ होतं. "मे महिन्यात कसला चिखल?" एकजण म्हणाला. निघाले.

10.15, नारायणगाव. मिसळ.

11.40, येडगाव. उन्हाळ्यात कुकडीचं पाणी मागे सरकतं आणि धरणाचा तळ उघडा पडतो. चौघांना ते मोकळं मैदान वाटलं. अमेरिकेत असल्या गाड्यांसाठी राखून ठेवलेली सरकारी रानं असतात. तिथे वाटांची अवघडता लिहिलेली असते, काही ठिकाणी तर टेकाडापलीकडून दिसावा म्हणून गाडीला उंच काठीवर झेंडा लावावा लागतो. इथे तसलं काही नाही. इथली जमीन गाळपेराची, कुणी वर्षाच्या बोलीनं कसलेली, कुणाच्या जनावरांचा चारा. जीप एका मक्याच्या कडेवरून गेली. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरू लागल्या. त्या उघड्यावरच अंडी घालतात, खड्यांसारखी दिसणारी. त्यांच्या ओरडण्याचाही व्हिडिओ निघाला.

12.30. म्हशी हाकणारे एक बाबा थांबले. "पाव्हणं, खाली नका घालू गाडी. वरनं पाणी सोडलंय."

पोरांनी आभाळाकडे पाहिलं. ढग नव्हता. "हो बाबा, लगेच फिरतो."

हे वाक्य समजायला कुकडी प्रकल्प थोडा ठाऊक हवा. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, डिंभे आणि येडगाव अशी त्यातली 5 धरणं. वरच्या धरणांचं पाणी नदीनं, कालव्यानं येडगावात येतं आणि इथून डाव्या कालव्यानं नगर-सोलापूरकडे जातं. म्हणजे पाणी सोडायच्या आवर्तनाच्या दिवसांत टळटळीत उन्हातसुद्धा इथली पाण्याची कड वर सरकू शकते.

2.50. पाण्याजवळ फोटो काढायला जीप नाकासमोर उतरवली. वरून भेगाळलेला, कडक दिसणारा गाळ खाली लोण्यासारखा होता. पापुद्रा फुटला. हवा 18पर्यंत उतरवली असती तर टायर पसरला असता, वजन विभागलं गेलं असतं. त्याऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरत विहीर खणू लागली, आणि जीप पोटावर बसली.

4.10. फावडं नव्हतं. स्टीलच्या ताटलीनं उकरणं झालं. पाण्याच्या कडेला खुणेसाठी रोवलेली काटकी वीतभर पाण्यात गेली होती. माझ्या मते दुर्घटना इथे ठरली. गाडी भिजू द्यायची, माणसं वर न्यायची, बाबांना गाठायचं, एवढंच करायचं होतं. पण जीपचे हप्ते चालू होते.

5.20. दोघं ट्रॅक्टर शोधायला उसाच्या कडेनं निघाले. जुन्नरात दिवेलागणीच्या सुमाराला उसाकडेनं कुणी एकटंदुकटं फिरत नाही; बिबट्या हा इथल्या लोकांच्या रोजच्या हिशेबातला आहे. हे दोघे वाचले ते उजेड होता म्हणून.

6.40. ट्रॅक्टरवाला आला. सांगू लागला, "आधी चाकांमागचा गाळ काढा. मग साखळी चासीला लावू." त्यात अर्धा तास जाणार होता. पाणी पुढच्या बंपरला लागलेलं. पोरांकडे ऑनलाइन मागवलेला, रबरासारखा ताणणारा दोर होता. त्यांनी तो जीपच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला अडकवला. हा गोळा ट्रेलर ओढायला असतो. रुतलेल्या गाडीचा हिसका झेलायला तो केलेलाच नसतो. ऑस्ट्रेलियात तो निखळून, काचेतून आत शिरून माणसं मेली आहेत. दोरावर जड गोधडी किंवा ओलं पोतं टाकलं तर तुटलेला दोर निदान खाली दबतो. दोराच्या दीडपट लांबीच्या आत कुणी उभं राहायचं नसतं. एकजण ट्रॅक्टरच्या चाकाशीच मोबाइल धरून उभा होता, चांगला अँगल म्हणून.

6.52. ट्रॅक्टरनं ढिल्या दोरावर हिसका घेतला. दोर ताणला, गोळा मुळातून तुटला आणि दोरासकट ट्रॅक्टरकडे आला. मोबाइलवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवाल्यानं खाली उडी मारून डोक्याचा टॉवेल जखमेवर दाबून धरला.

6.55. 108 ला फोन लागला. पलीकडून विचारलं, कुठे आहात, गाडी कुठल्या वाटेनं येईल? तिघे एकमेकांकडे बघत राहिले. ज्याला वाट माहीत होती, त्याचे दोन्ही हात जखमेवर होते.