बुर्झहोमची दफने
श्रीनगरच्या ईशान्येस, दल सरोवरापासून जवळच, करेवा म्हणजे प्राचीन सरोवराच्या गाळाने घडलेल्या पठारावर बुर्झहोम वसले असून, १९६० ते १९७१ या काळातील उत्खननात तेथे, घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे वापरणाऱ्या नवाश्मयुगीन लोकांची वस्ती उजेडात आली. आरंभी खड्ड्यांत आणि पुढे जमिनीवरच्या मातीच्या घरांत राहणाऱ्या या लोकांनी मृतांना दूर न नेता घराखाली वा अंगणातच पुरले. काही अस्थींवर गेरूचा, म्हणजे तांबड्या मातीचा, लेप होता. कित्येक दफनांत माणसाबरोबर कुत्राही आढळला, आणि या सोबतीचा उलगडा केवळ शिकारीतल्या उपयोगाने होईल, असे मानणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. पठारावर नजरेत प्रथम भरणाऱ्या उभ्या महाशिळा मात्र नंतरच्या काळातील आहेत.