विद्युत मोटारीचा पल्ला : प्रमाणित व प्रत्यक्ष

एका चार्जिंगमध्ये विद्युत मोटार जितके अंतर कापते तो तिचा पल्ला, म्हणजेच ‘रेंज’. भारतात पुण्याची एआरएआय ही संस्था प्रमाणित चाचणीतून तो आकडा ठरवते. ही चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. वेग ताशी 90 किमी.च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. उन्हाळ्यात एसी लावून ताशी 100 किमी.ने जाणाऱ्या कुटुंबाला तो आकडा लाभणे जवळजवळ अशक्यच.

मुख्य कारण हवा. तिचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी 50 किमी.च्या तुलनेत 100 ला तो चौपट होतो. शहरात ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी फिरून थोडी वीज बॅटरीत परत भरते. महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतो. म्हणूनच पेट्रोल गाडीच्या उलट, विद्युत मोटार गावात काटकसरी आणि महामार्गावर खर्चिक ठरते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटाची भर पडते. दीड टनाची मोटार 600 मी. उंच न्यायला किमान अडीच युनिट वीज लागते. उतरताना त्यातली काही परत मिळते, सगळी नाही.

2020 साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची आणि प्रमाणित पल्ला 312 किमी. होता, म्हणजे युनिटमागे दहा किमी.हून थोडा अधिक. महामार्गावर युनिटमागे सात किमी. धरले, तर तो 211 वर येतो. शिवाय जलद चार्जिंग 80 टक्क्यांनंतर मंदावते. त्यामुळे लांबच्या प्रवासात दोन थांब्यांमधले अंतर याहूनही कमी धरावे लागते.