अग्निगोल (वऱ्हाडातील)

शुक्राहून तेजस्वी दिसणारी उल्का म्हणजे अग्निगोल. अवकाशातील खडा सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते, खड्याच्या पृष्ठभागाची वाफ होते आणि ती हवा व वाफ उजळून निघते. लहान उल्का दिसली की वऱ्हाडात ‘चांदनी तुटली’ म्हणतात. मोठा अग्निगोल मात्र अंगणात क्षणभर सावल्या पाडतो.

अमरावती-अकोल्यात हा विषय निघाला की 2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ आठवते. गुढीपाडवा होता, प्रतिपदेचे आकाश जवळजवळ चंद्रहीन होते. पावणेआठच्या सुमारास जळते तुकडे एकामागे एक, एकाच रेषेत, वायव्येकडून आग्नेयेकडे संथपणे सरकताना हजारोंनी पाहिले. गुजरात आणि पश्चिम मध्य प्रदेशातूनही ते दिसले. अनेकांनी त्याला उल्कापात म्हटले, पण ती उल्का नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे 3 मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च 3बी’ अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी सांगितले.

उल्का आणि असा अवशेष यांतला फरक ओळखण्याची खूण वेगात आहे. कक्षेतून उतरणारा अवशेष सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो मिनिटभरही दिसू शकतो. उल्केचा खेळ बहुधा काही सेकंदांतच आटोपतो. मोठा अग्निगोल वातावरणात खोलवर आला तर गडगडाट ऐकू येतो, पण प्रकाशानंतर मिनिट-दोन मिनिटांनी किंवा त्याहूनही उशिरा.

खरी अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेला अवकाशातील खडा, या भागाला अनोळखी नाही. अमरावती जिल्ह्यातील वरूडपासून फार दूर नसलेल्या काटोल (जि. नागपूर) परिसरात 22 मे 2012 रोजी भरदुपारी मोठ्या आवाजासह अशनीचे तुकडे पडले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर तर अशनीच्या आघातानेच बेसॉल्ट खडकात कोरले गेले.

अग्निगोल दिसल्यास मोबाइल शोधण्यात वेळ घालवू नये. मनात सेकंद मोजावेत, तो कोणत्या ताऱ्याजवळ किंवा झाडाच्या शेंड्यावर दिसला आणि कुठे विझला ते लक्षात ठेवावे, मग वेळ व दिशा लगेच लिहून ठेवावी. दोन गावांतल्या अशा नोंदी जुळल्या, तर त्याचा मार्ग काढता येतो.