अजिंठ्याची रेषा आणि वेदीवरील मारिया

आमच्या छावणीतील कोणत्याही कॅथलिक घरी गेले की दर्शनी भिंतीवर लहानशी वेदी दिसते. तिच्यावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, शेजारी निळ्या झग्यातील पवित्र मारिया, पुढे मेणबत्ती आणि जपमाळ. संध्याकाळच्या प्रार्थनेला या तसबिरींसमोर आमच्या कित्येक पिढ्यांनी गुडघे टेकले. त्या गोऱ्यापान चेहऱ्यांवर आमची माया आहे आणि ती कोणी उणी लेखू नये. परंतु आपल्याच मातीत जन्मलेल्या ख्रिस्ती चित्रकारांनी प्रभूचा आणि मारियेचा चेहरा कसा पाहिला, आणि तसाच का पाहिला, हे आम्ही क्वचितच विचारतो. या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आमच्याच जिल्ह्यातून निघतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

छावणी ही मुळात फौजेची वस्ती. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी येथे असत. या पलटणींचे इंग्रज अधिकारी आपल्याबरोबर आपली प्रार्थनामंदिरे आणि आपल्या चित्रकल्पनाही घेऊन आले. मात्र त्यांच्यासारखाच एक लष्करी अधिकारी येथून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याला आला आणि तेथील चित्रांचा विद्यार्थी होऊन राहिला. मद्रास पलटणीतील या रॉबर्ट गिलची १८४४ साली लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. अंधार, वटवाघळे आणि आजारपण सोसून त्याने वर्षानुवर्षे काम केले. त्यांतील बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळून गेली. आयुष्याचे सार्थक ज्या कामात मानले ते असे नाहीसे झाले, तरी गिलने हा मुलूख सोडला नाही. १८७९ साली त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे.

पुढे १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे अजिंठ्याच्या परिसरात दुसरीच एक छावणी पडली. ती चित्रकारांची होती. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने पुन्हा नकला करण्याचे काम हाती घेतले होते. तिच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण आले त्यांत नंदलाल बोस होते. भिंतीसमोर तासन्‌तास बसून त्यांनी पद्मपाणीच्या खाली झुकलेल्या नजरेतील करुणा आणि एका वळणात देह उभा करणारी रेषा आपल्या हातात मुरवून घेतली. नंतर शांतिनिकेतनातील कलाभवनात त्यांनी तीच रेषा विद्यार्थ्यांना दिली. त्या विद्यार्थ्यांत गोव्याचा एक कॅथलिक तरुण होता. त्याचे नाव आंजेलो द फोन्सेका.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर एका सुखवस्तू घराण्यात झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकून ते मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात गेले. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणाने समाधान न झाल्यामुळे त्यांनी शांतिनिकेतन गाठले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते घडले. गोव्यात परतल्यावर त्यांनी साडी नेसलेली, सावळी, अनवाणी मारिया रंगविली. परंतु स्वकीयांना ती रुचली नाही. देवमातेला साध्या बाईच्या रूपात दाखविले, हा अनेकांना अपमान वाटला. टीका इतकी झाली की या चित्रकाराने गाव सोडले.

त्यांना आसरा मिळाला तो पुण्यात. शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम हा अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या संघाचा. कॅथलिक फोन्सेका तेथे राहू लागले. जमिनीवरील बैठक, साधे जेवण, ठरलेल्या वेळची प्रार्थना आणि आसपास मराठी बोलणारी माणसे, असे ते जीवन होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना उत्तेजन दिले. त्यांची चित्रे पाहताना आम्हांस वाटते की या आश्रमाची शांतता त्यांच्या जलरंगात उतरली आहे. ज्याला आपल्याच लोकांनी दूर लोटले, त्याच्या चित्रांत कडवटपणाचा लवलेश आढळत नाही. त्यांच्या मारियेची नजर खाली झुकलेली असते. अजिंठ्याचे ऋण कोठे असेल तर ते त्या नजरेत आहे. १९६७ च्या डिसेंबरात पुण्यात त्यांचे निधन झाले.

याच गोव्याचा दुसरा पुत्र फ्रान्सिस न्यूटन सोझा. १९२४ साली साळगाव येथे जन्म, आणि तान्हेपणीच वडिलांचा मृत्यू. लहानपणी देवीच्या आजाराने त्याला गाठले, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला. मुलगा वाचला आणि त्याच्या नावात ‘फ्रान्सिस’ आले. आई मुंबईत शिवणकाम करून संसार रेटीत होती. मुलाला शाळेतून काढले गेले आणि पुढे १९४५ साली कला महाविद्यालयातूनही. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासह त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला आणि १९४९ साली तो लंडनला गेला. त्याने १९५९ साली रंगविलेले क्रूसावरील मरण आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील ख्रिस्त काळवंडलेला आहे, काट्यांनी वेढलेला आहे. पाहणाऱ्याला तो दिलासा देत नाही, अंगावर येतो. पोरकेपण, व्रण आणि बालपणी चर्चमध्ये पाहिलेले रक्ताळलेले पुतळे यांतूनच हा ख्रिस्त उभा राहिला, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

एक चित्रकार शांत, दुसरा संतप्त. एकाने आश्रमात आयुष्य काढले, दुसरा लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये श्रद्धेशी भांडत राहिला. तरीही गुळगुळीत, गुलाबी, परका येशू दोघांनीही नाकारला. कलावंताचे आयुष्य कलेत उतरते असे आपण सहज म्हणतो, पण दुःख आपोआप चित्र होत नसते. नाकारले जाण्याचे दुःख दोघांच्याही वाट्याला आले. एकाने ते प्रार्थनेत जिरविले, दुसऱ्याने ते क्रूसावर टांगून जगापुढे धरले. आम्हांस दोघेही हवेत. नाताळच्या रात्री फोन्सेकांची मारिया आपल्याजवळ बसते. शुभ शुक्रवारी सोझाचा ख्रिस्त आपल्याला डोळे मिटू देत नाही.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरविलेली नाही. सर्व लोकांच्या आणि सर्व देशांच्या कलेला तिच्यात स्थान आहे. फोन्सेका तेव्हा हयात होते. ज्या गोष्टीसाठी त्यांना गाव सोडावे लागले होते, तिला अखेर सर्वोच्च पातळीवर मान्यता मिळाली. २००६ साली त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी त्यांची बहुसंख्य चित्रे गोव्यातील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. ज्या भूमीने चित्रकाराला जवळ केले नाही, तिने त्याची चित्रे अशा रीतीने जवळ केली. पण त्यास जवळपास पाऊण शतक जावे लागले.

इतका उशीर आपल्या हातून होऊ नये. उद्या आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलीने गव्हाणीच्या देखाव्यात नऊवारी नेसलेली मारिया, फेटा बांधलेला योसेफ आणि मागे देवगिरीचा किल्ला रंगविला, तर तिला हसण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. त्या चित्रात तिचे घर असेल, तिची आजी असेल, आणि कदाचित तिने मुकाट्याने सोसलेले काहीतरी असेल. ते चित्र वेदीजवळ लावायचे की नाही, हे नंतर ठरविता येईल. आधी ते नीट पाहावे.