अशुद्ध ठरण्याचा इतिहास

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा शुद्ध करणे म्हणजे नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून टाकणे. वेलांटी पहिली की दुसरी, हा त्या कामाचा विषय नव्हता. आज 'अशुद्ध मराठी' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या पाटीवरचा 'आशिर्वाद' किंवा फलकावरचे 'हार्दीक अभिनंदन' येते. असल्या चुकांचा त्रास मनापासून होतो, पण त्या त्रासाला फार तर दोनशे वर्षांचे वय आहे.

त्यापूर्वी मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चाले. सनदा, वसुलाचे हिशेब, सावकाराच्या वह्या, घरची पत्रे, सगळे मोडीत. बोरू न उचलता झरझर लिहिण्याची ही लिपी. तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद व्यवहारात पाळला जात नसे. कारकुनाने एकच वेलांटी सर्वत्र दिली तर त्याला कोणी अडाणी म्हणत नसे. कागदातला मजकूर खरा आणि स्पष्ट असला म्हणजे झाले. पोथ्या मात्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहिल्या जात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची जाणीव संस्कृत शिकलेल्यांपुरती राहिली होती.

हे चित्र छापखान्याने बदलले. सेरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत, कारण मोडीचे खिळे तयार नव्हते. १८१० चा त्याचा कोश मोडीत निघाला खरा, पण पुढे मराठी ग्रंथांची लिपी बाळबोधच ठरली. लिपी बदलताच ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न प्रत्येक लिहिणाऱ्याच्या दारात आला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. शाळांची क्रमिक पुस्तके कोणत्या मराठीत असावीत याचा निर्णय मेजर थॉमस कँडी आणि त्याच्या हाताखालचे शास्त्री यांच्याकडे होता. मराठी वाक्यात आज दिसणारे स्वल्पविराम आणि पूर्णविराम रुळवण्यातही कँडीचा मोठा वाटा आहे. या मंडळींनी प्रमाण मानली ती पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतली भाषा. ती छापली गेली, शाळेत शिकवली गेली, आणि तिच्याबाहेरचे सगळे उच्चार 'अशुद्ध' या एका खान्यात गेले.

याचा परिणाम लवकरच दिसला. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. फुल्यांच्या लेखनावर तुटून पडताना चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीही टर उडवली. फुले लिहीत होते शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत, आणि त्यांचे प्रश्न विभक्तिप्रत्ययांचे नव्हते. समोरच्याचे व्याकरण काढले की त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यावे लागत नाही, ही सोय तेव्हापासून मराठी वादांत रूढ आहे आणि तिने भाषेचे नुकसानच केले आहे. 'पानी' आणि 'लोनी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणारे याच परंपरेतले. वऱ्हाडात 'ण'चा 'न' होतो, 'डोळा'चा 'डोया' होतो. कोट्यवधी माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या नियमाने होणाऱ्या उच्चाराला चूक म्हणणे शास्त्राला धरून नाही. ती बोली आहे, आणि प्रमाण भाषा हीसुद्धा मुळात एका भागाची बोलीच.

सगळ्यात लांबलेला वाद अनुस्वाराचा. जुन्या छापील मराठीत 'गांव', 'नांव', 'पांच', 'केलें', 'त्यानें', 'मीं' असे लिहीत. यांतले काही बिंदू व्युत्पत्तीचे होते: 'पञ्च'मधल्या 'ञ्'ची खूण 'पांच'वर, 'ग्राम'मधल्या 'म'ची 'गांव'वर. काही व्याकरणाचे होते, म्हणजे तृतीया, सप्तमी किंवा नपुंसकलिंग दाखवणारे. कोकणातल्या काही बोलींत आणि गोव्याच्या कोंकणीत हे नासिक्य उच्चार टिकून आहेत. घाटावर ते बोलण्यातून गेले आणि कागदावर उरले. म्हणून घाटावरच्या विद्यार्थ्याला न ऐकू येणारे शेकडो बिंदू पाठ करावे लागत, आणि एक राहिला तरी मास्तरांची लाल रेघ ठरलेली. हे बिंदू ठेवावेत की काढावेत यावर विद्वानांचे तट पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिळकांनीही 'केसरी'तून लेखनपद्धतीवर लिहिले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले, तरी प्रश्न मिटला नाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले. त्याने तयार केलेले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले; १९७२ मध्ये आणखी चार जोडले जाऊन ते अठरा झाले. अनुच्चारित अनुस्वार गेले. आदल्या वर्षापर्यंत 'गाव' लिहिणारा चुकत होता, आता 'गांव' लिहिणारा चुकू लागला. या बदलात काही गमावले: 'नांव' आणि 'नाव' यांत माणसाचे नाव कोणते आणि होडी कोणती ते डोळ्यांना कळत असे, नपुंसकलिंगी 'तें' पुल्लिंगी अनेकवचनी 'ते'पासून वेगळे दिसे. काही मिळालेही. पूर्वी 'घरांत' म्हणजे एका घरात की अनेक घरांत हे लिपी सांगत नसे. आता अनेकवचनालाच बिंदू मिळतो. एकूण हिशेबात हा बदल योग्य होता, कारण त्याने लेखन बोलण्याच्या जवळ आणले.

ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांबद्दल असे म्हणता येत नाही, आणि आजच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा इकार-उकार लांबवतो, म्हणून 'कवि', 'गुरु', 'रवि' हे तत्सम शब्द 'कवी', 'गुरू', 'रवी' असे दीर्घान्त ठरले. पण समासात मूळचा ऱ्हस्व परत येतो: 'रविवार', 'गुरुवार', 'गुरुदक्षिणा'. एकदा 'गुरू' लिहायला शिकलेला हात 'गुरूवार' लिहितो, यात त्याचा निष्काळजीपणा थोडा आणि नियमाचा गुंता जास्त. 'जमीन'चे सामान्यरूप 'जमिनीला', पण 'शरीर'चे 'शरीराला'. का, तर पहिला शब्द फारसीतून आला आणि दुसरा जसाच्या तसा संस्कृतातून. कानाला दोन्ही सारखेच, म्हणजे बरोबर लिहिण्यासाठी शब्दाचे कूळ ठाऊक हवे. 'हार्दीक', 'सामाजीक', 'नागरीक' या चुकांनाही असेच कारण आहे. 'गरीब', 'खीर', 'वसूल' यांत अकारान्त अक्षरापूर्वीचा इकार-उकार दीर्घ असतो. लिहिणारा हाच नियम संस्कृत 'इक' प्रत्ययाला लावतो, जिथे तो ऱ्हस्वच राहतो. चूक नियमाच्या अज्ञानाने होत नाही, नियम मनात नको इतका मुरल्याने होते.

काही चुकांना मात्र इतकी सहानुभूती मिळू नये. 'महत्त्व' म्हणजे 'महत्' अधिक 'त्व', 'तत्त्व' म्हणजे 'तत्' अधिक 'त्व'. फोड एकदा पाहिली की दोन 'त' विसरता येत नाहीत. 'उज्ज्वल'मध्ये 'उत्' आणि 'ज्वल' आहेत, म्हणून 'ज' दोनदा. जिथे अर्थच बदलतो तिथे काळजी आणखी हवी: 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा.

बोलण्यातल्या ज्या प्रयोगांनी हल्ली कान दुखतात त्यांतले बरेचसे हिंदीच्या शेजारातून आले आहेत. 'मला मदत कर'ऐवजी 'माझी मदत कर', 'मी त्याला म्हणालो'ऐवजी 'मी त्याला बोललो'. मुंबईत ते आधी रुजले आणि मालिकांनी घरोघर पोचवले.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची देवनागरी वर्णमाला अद्ययावत केली आणि 'ॲ' व 'ऑ' हे स्वर तिच्यात आले. 'बॅट' आणि 'बॉल' लिहिणाऱ्यांच्या हाती ती चिन्हे केव्हाच होती. त्याच सुमारास लेखन कागदावरून संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावर सरकत होते, आणि तिथे एक नवी चूक पसरली. बोलीतले 'केलं', 'असं', 'सांगितलं' हे पात्रांच्या तोंडी लिहायला १९६२ च्या नियमांनी मुभा दिली होती. पुढे ललित गद्याने ते निवेदनातही घेतले. या रूपांतला बिंदू नाकातला उच्चार दाखवत नाही, शेवटचा 'अ' लांबवायला सांगतो. घाईत टंकताना तोच गळतो आणि 'मी केल', 'अस झाल' उरते. साठ वर्षांपूर्वी जास्तीच्या बिंदूंनी त्रासलेल्या भाषेचे वाचक आता हरवलेल्या बिंदूने त्रासतात.